माझ्या नावाचा आठ

"ओढणी दे इकडं," अण्णा म्हणाले.

"कशाला?"

"चाकात अडकती. मधू एजंट म्हणतोय, पोरींनी ओढणी काढूनच गाडीवर बसायचं. दे."

मी दिली. पोपटी रंगाची, नवी कोरी. कॉलेजसाठी म्हणून आईनं माझा पहिला पंजाबी ड्रेस शिवून घेतला होता, त्यावरची. एवढ्या पुरुषांच्या घोळक्यात ओढणीशिवाय उभं राहायची सवय नव्हती, म्हणून मी फॉर्मची फाइल छातीशी धरली. अण्णांनी ओढणीची नीट घडी घातली, ती काखेत मारली, आमच्या मोपेडची किल्ली खिशातून काढून मुठीत धरली आणि विश्रामगृहाच्या मागं पंपाच्या खोलीकडं निघून गेले. मला वाटलं, लघवीला गेले असतील.

आमच्या गावापासून सात किलोमीटरवरच्या हिवरसांग्याला आरटीओचं ऑफिस नव्हतं. महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी, जिल्ह्याच्या गावाहून इन्स्पेक्टर जीपमधून यायचा आणि सरकारी विश्रामगृहाच्या आवारात कॅम्प भरायचा. कडुनिंबाखाली टेबल, टेबलावर फॉर्मचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर उकडलेल्या शेंगांचा ढीग. इन्स्पेक्टर शेंगा सोलत होता. दाणे तोंडात, टरफलं फॉर्मवर. क्लार्क मधूनमधून एकेक फॉर्म उचलून झटकत होता, आणि ओली टरफलं रांगेतल्या लोकांच्या पायावर पडत होती. पाय कुणी मागं घेत नव्हतं. साहेबाचं टरफल म्हणजे जणू अंगारा.

साल सत्याण्णव. मी सोळा वर्षं चार महिन्यांची. सोळा ते अठराच्या मुलांना तेव्हा एकच लायसन मिळायचं. गाडी विनागिअरची हवी, पन्नास सीसीच्या आतली, आणि फॉर्मवर आईबापाची संमतीची सही हवी. म्हणजे मोपेड. मला तेवढीच हवी होती. दहावीला मला गणितात दीडशेपैकी एकशे चव्वेचाळीस पडले होते आणि सायन्सला प्रवेश मिळाला होता, पण कॉलेज पंधरा किलोमीटरवर होतं आणि प्रॅक्टिकल संपायच्या आधी शेवटची एसटी निघून जायची. अण्णांची अट साधी होती. "हातात लायसन असल्याबिगर पोरगी हमरस्त्याला जायची न्हाई. लायसन न्हाई झालं तर इथं गावातल्या कॉलेजात आर्ट्‌सला बस." सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं. पुढचा कॅम्प महिन्यानं. आज पास व्हायचं, नाहीतर सायन्सवर पाणी सोडायचं.

अण्णा, म्हणजे रंगनाथ नलवडे, गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गावोगावचे लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि खरे डॉक्टर त्यांना "ए रंगा" म्हणायचे. दोन्हीला ते सारखीच मान हलवायचे. कुणी साहेब दिसला की अण्णांची पाठ आपोआप वाकायची. लहानपणी मला वाटायचं त्यांना मणक्याचा काही आजार आहे. पण महिनाभर त्यांनी माझ्यामागं जे कष्ट घेतले त्याला तोड नव्हती. दवाखान्याच्या आवारात दोन दगडांना चुना लावून ठेवला. दोन दगडांभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, सलग, पाय जमिनीला न टेकता. पाय टेकला की नापास. पहिल्या आठवड्यात मी चार वेळा पडले, गुडघे सोलवटले, आणि अण्णांनी बैलांच्या जखमेला लावायचं जांभळं औषध माझ्या गुडघ्याला फासलं. तिसऱ्या आठवड्यात मी आठ काढायला लागले. चौथ्या आठवड्यात सलग वीस काढले. अण्णा दगडाशेजारी उभे राहून मोजत होते. म्हणजे मला येतं, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर त्यांना होतं.

त्या वर्षी वरून हुकूम आला होता की हेल्मेटशिवाय चाचणी घ्यायची नाही. अख्ख्या हिवरसांग्यात हेल्मेटं दोन-तीन असतील. कॅम्पात होतं ते मधू एजंटचं, लाल, काळ्या काचेचं. सकाळपासून तेच या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होतं. अंदाज घ्यावा म्हणून मी ते मघाशी घालून पाहिलं होतं आणि लगेच काढलं होतं. खोबरेल तेल, घाम, तंबाखू आणि ओल्या गोणपाटाचा एकत्र वास. आतला स्पंज काळाकुळकुळीत. त्यात एक लांब केस चिकटला होता. मी हात कपड्याला तीनदा पुसला तरी तो तेलकटपणा जाईना.

मधू एजंट आमच्याकडं आला तेव्हा त्याच्या तोंडात पान होतं. बोलताना तो हनुवटी वर करायचा, म्हणजे पिंक सांडत नसे.

"ताई, तुमी तिकडं बायकांत बसा. सावलीला."

"माझं नाव पुकारलं तर ऐकू येणार नाही."

"आमी हाय की ऐकायला. बसा."

मी बसले. व्हरांड्याच्या पायरीवर चार-पाच बायका बसल्या होत्या. एक शाळेतल्या बाई होत्या, त्या स्वेटर विणत होत्या. आपली चाचणी पाच मिनिटांवर आली असताना कुणी स्वेटर कसा विणू शकतं, हे मला कळेना.

"शैलजा रंगनाथ नलवडे," क्लार्कनं पुकारलं.

मी उठले. पायरी उतरले. आणि पाहते तो आमची मोपेड पंपाच्या खोलीमागून सुरू होऊनच आली. वर कुणीतरी बसलेलं, डोक्यावर लाल हेल्मेट, काळी काच खाली ओढलेली, आणि खांद्यावरून पोपटी ओढणी, कमरेशी गाठ मारलेली. माझी ओढणी.

मधूनं माझा दंड धरला. "खाली बस ताई. तुझं चाललंय."

ती गाडी दोन दगडांभोवती गेली. एक आठ, दुसरा आठ. सुंदर काढला, खोटं कशाला बोलू. इन्स्पेक्टरनं मान वरसुद्धा केली नाही. शेंग फोडत फोडत फॉर्मवर सही ठोकली, क्लार्कनं शिक्का मारला, आणि शैलजा रंगनाथ नलवडे पास झाली. मी तिथंच, व्हरांड्यापाशी उभी होते, फाइल छातीशी धरून.

अण्णा टेबलाच्या बाजूला होते. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

"अण्णा, हे काय?"

"हळू बोल."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मधू म्हणाला, साहेब पोरींना पहिल्या झटक्यात पास करतच न्हाई. पोरगी बावरती, पाय टेकती, महिना वाया जातो. सगळ्या बायकांचं असंच करत्यात. त्या बघ, बाई बसल्यात की. त्यांचंबी असंच."

"मी वीस आठ काढले होते. तुम्ही मोजले होते."

"व्हय. पण आज पडली असतीस तर? सोमवारी कॉलेज हाय." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुझ्या भल्यासाठीच केलं, शैले. आता गप बस."

मला त्यांची किळस आली. बापाबद्दल असं म्हणू नये, पण आली. त्यांच्या वाकलेल्या पाठीची, चपलांकडं बघायची, 'हळू बोल'ची. दवाखान्यात लाथा झाडणाऱ्या रेड्याला एकट्यानं धरणारा माणूस, आणि शेंगा खाणाऱ्या एका माणसासमोर त्याच्या तोंडाला कुलूप. महिनाभर माझे गुडघे फुटले ते कशासाठी? मी पंपाच्या खोलीकडं गेले.

तिथं एक बाई हेल्मेट काढून केस झटकत होती. पंचविशीची असेल. काळी, काटक, कपाळावर मोठं गोंदण. अंगात विटका पंजाबी ड्रेस, पायाशी बोचक्यात बांधलेलं स्वतःचं लुगडं. भिंतीला टेकून एक जुनी मोपेड उभी होती, तिच्यामागं पत्र्याचा मोठा डबा बांधलेला. बाईनं माझी ओढणी गाठ सोडून पुढं केली.

"घ्या ताई. घाम लागलाय जरा, धुऊन टाका. तुमचं काम झालं. सरळ काढला आठ."

ओढणीला हेल्मेटचाच वास येत होता. मी ती दोन बोटांत धरली.

"तू कोण?"

"हौसा. माळवाडीची. बेकरीचा पाव टाकती की गावोगाव. तुमच्या गावातबी येती, तुमी बगितलं नसंल."

"माझ्या नावावर तू का बसलीस?"

"मधूशेट म्हणला, पोरीला येत न्हाई, लई भ्याती."

"मला येतं."

ती थांबली. "आठ येतोय?"

"पाय न टेकता."

"मग कशापायी मला बशिवलं?" हे तिनं मला विचारलं नाही. टेबलाच्या दिशेला बघत स्वतःशीच म्हणाली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. आपलं काहीतरी विनाकारण वापरलं गेलं, असं तिलाही वाटलं असावं. पण तेव्हा मला ते दिसलं नाही.

"आजवर किती जणींचे काढलेस?"

"तुमच्यासकट एकतीस." ती हसली. "मामलेदाराची मंडळी, शाळंतल्या दोन बाई, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. एकदाबी पाय टेकला न्हाई."

"आणि तुझं स्वतःचं लायसन?"

"न्हाई की."

"म्हणजे?"

"जन्माचा दाखला न्हाई, शाळंचा न्हाई. शाळंत गेलीच न्हाई तर दाखला कुठला? मधूशेट म्हणलाय, बारा कॅम्प बायकांचं आठ काढ, मग तुझा कागद मी उभा करतो. ह्यो धावा. दोन राह्यलं." तिनं हेल्मेट बोचक्यावर ठेवलं. "मग हवालदार दिसला की आडरानात गाडी घालायला नको."

आज हे लिहिताना माझा हात अडखळतो. तेव्हा काहीच अडखळलं नाही. मला फक्त तिचा घाम लागलेली ओढणी दिसत होती, आणि 'एकतीस' म्हणतानाचं तिचं हसू दिसत होतं. मामलेदाराच्या बायकोच्या, मास्तरणीच्या रांगेत मला हिनं नेऊन बसवलं होतं. आयत्या बिळावरचे नागोबा सगळे, आणि त्यांच्यात आता मीही.

मी सरळ टेबलाशी गेले. रांग ओलांडून.

"साहेब, मी अजून गाडीला हात लावलेला नाही."

इन्स्पेक्टरनं मान वर केली. "काय?"

"शैलजा नलवडे मी आहे. माझ्या फॉर्मवर तुम्ही पास म्हणून सही केलीत. पण गाडी दुसऱ्याच कुणीतरी चालवली. मला चाचणी द्यायची आहे."

रांगेत पन्नासेक माणसं होती, त्यांतली निम्मी मधूचीच गिऱ्हाइकं. शाळेतल्या बाईंच्या सुया थांबल्या. मधूनं पान गिळलं की काय कोण जाणे, त्याची हनुवटी खाली आली. इन्स्पेक्टरला सगळं ठाऊक होतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळत होतं. पण एवढ्या लोकांसमोर एक पोरगी मोठ्यानं बोलली होती आणि ते आता कुणाला परत गिळता येत नव्हतं. त्यानं हाताची टरफलं झटकली.

"मग कोण होतं गाडीवर?"

माझ्यासमोर तेव्हा चार माणसं होती. मधू होता, ज्यानं हा धंदा मांडला होता. इन्स्पेक्टर स्वतः होता, ज्याचे डोळे शेंगांवर होते. अण्णा होते, ज्यांनी माझी ओढणी नेऊन दिली होती. आणि तिकडं कोपऱ्यावर, काय झालं ते बघायला आलेली हौसा होती. मधूचं नाव घेतलं असतं तर त्यानं अण्णांचं घेतलं असतं. साहेबाला बोलले असते तर लायसन गेलं असतं. हा हिशेब मी डोक्यात मांडला, आणि तो मांडायला मला एक क्षणही लागला नाही. मी हात लांब करून हौसाकडं बोट केलं.

"ही."

"ए, इकडं ये," इन्स्पेक्टर म्हणाला.

हौसा आली. बोचकं तिच्या हातातच होतं.

"तू चालवलीस गाडी हिच्या नावानं?"

"व्हय साहेब."

"कुणी सांगितलं?"

तिनं मधूकडं पाहिलं. मधूनं दोन्ही काखा वर केल्या. "साहेब, ही बाई कोण, मी आजच बघतोय." मग तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णांचा ओठ हलला, नुसताच हलला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी झाडाच्या बुंध्याकडं बघायला लागले.

"कुणी न्हाई साहेब," हौसा म्हणाली. "माजी मीच."

दोन कॅम्प राहिले होते. मधूचं नाव तिनं घेतलं असतं तर तिचा कागद कुणी उभा केला असता? अजूनही तिला आशा होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

"लायसन दाखव."

"न्हाई."

"आणि इथवर कशी आलीस?"

तिनं पंपाच्या खोलीशेजारच्या मोपेडकडं बोट केलं. इन्स्पेक्टरला मग एकदम कायदा आठवला. विनापरवाना वाहन चालवलं, दुसऱ्याच्या नावानं सरकारी चाचणी दिली. हवालदाराला बोलावणं गेलं. बेकरीची मोपेड विश्रामगृहाच्या शेडमध्ये लावून तिला साखळी घातली. हौसानं एवढंच विचारलं, "साहेब, डबा तरी काढून घिऊ? उद्याचा पाव भरायचा असतुया." तेवढी परवानगी मिळाली. क्लार्कनं कागद लिहिला, आणि तिचा अंगठा निळ्या शाईत बुडवून त्यावर उठवला. शाळेतल्या बाई माझ्याशेजारी येऊन म्हणाल्या, "या असल्या बायकांमुळंच बायकांचं नाव खराब होतं," आणि पुन्हा विणायला लागल्या. त्यांच्या फॉर्मवर शिक्का कधीच बसला होता.

"हं," इन्स्पेक्टर माझ्याकडं वळला. "आता चालव तू. बघू दे."

हेल्मेट मी डोक्यात घातलं. वास आला, पण या खेपेला मला काही वाटलं नाही. अण्णांनी गाडी स्टँडवरून काढून धरली. पायडल मारलं, इंजिन लागलं, आणि मी निघाले. पहिला दगड, हँडल हलकं, नजर चाकावर नाही, दुसऱ्या दगडावर. वळले. मधली रेघ कापली. पुन्हा वळले. पाय कुठंच टेकला नाही. कुणी सांगितलं नसताना मी दुसरा काढला, तिसरा काढला. इतकं छान मी दवाखान्याच्या आवारातही कधी चालवलं नव्हतं. अंगभर आनंद भरला होता आणि मी तो लपवत नाही, तेव्हाही लपवला नाही. तिसऱ्या आठाला रांगेतून टाळ्या सुरू झाल्या.

"शाबास," इन्स्पेक्टर म्हणाला. "अशा मुली पाहिजेत. स्वच्छ." त्यानं ढिगातल्या मूठभर शेंगा माझ्यापुढं केल्या. मी त्या घेतल्या. खाल्ल्यासुद्धा.

चारच्या सुमाराला क्लार्कनं फोटो चिकटवलेलं, शिक्का मारलेलं लायसनचं छोटं पुस्तक माझ्या हातात ठेवलं.

हा किस्सा मी आजवर पुष्कळदा सांगितला आहे. कॉलेजच्या गॅदरिंगला सांगितला, लग्नानंतर सासरी सांगितला. आता मी एका सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे; आठ मार्चला कुठल्या ना कुठल्या शाळेत भाषणाला बोलावतात, तिथं दरवर्षी सांगते. सोळा वर्षांची मुलगी, भ्रष्ट एजंट, घाबरट बाप, आणि भर आवारात उभी राहून सत्य बोललेली मी. पोरी डोळे मोठे करून ऐकतात. तिसऱ्या आठाला कॅम्पात टाळ्या पडल्या म्हटलं की सभागृहातही पडतात, आणि मी तिथंच थांबते. हौसाचं नाव मी कधी घेतलेलं नाही. भाषणात ती 'एक तोतया बाई' असते. गेल्या आठ मार्चला टाळ्या चालू असताना पाणी प्यायच्या निमित्तानं मी व्यासपीठावरून उतरले. म्हणून पुढचंही एकदा सांगते.

परत येताना गाडी मी चालवत होते, अण्णा मागं बसले होते. हिवरसांग्याबाहेर दोन किलोमीटरवर रस्त्याच्या कडेनं हौसा चालली होती. अंगावर पुन्हा लुगडं, डोक्यावर तो पत्र्याचा डबा. पायात काही नव्हतं. गाडीवर असायची त्या बाईला चपलेची गरज पडली नसावी.

"थांबव," अण्णा म्हणाले.

"कशाला?"

"तिला घेऊ. माळवाडी वाटंवरच हाय."

मी गाडी हळू केली, पण थांबवली नाही. "तिघं बसायची परवानगी नाही. माझं लायसन आजच झालंय, अण्णा."

"थांबव म्हणतो ना."

त्या आवाजात अण्णा माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी ब्रेक दाबला. हौसा मागून चालत आली आणि आमच्याशेजारी येऊन उभी राहिली. धापा टाकत होती.

"जावा डॉक्टर तुमी," ती म्हणाली. "मी जाती सावकाश."

अण्णा गाडीवरून उतरले. आधी त्यांनी तिच्या डोक्यावरचा डबा उतरवला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. हौसा नको नको म्हणत होती. मग स्वतःच्या चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या. त्या ती घालेना, तेव्हा ते अनवाणीच चालायला लागले, आणि चपला तिथं रस्त्यात तशाच राहिल्या. मग मात्र तिनं त्या घातल्या.

"अण्णा," मी म्हणाले, "घर पाच किलोमीटर आहे."

"तू हो पुढं. मी येतो हिच्यासंगं."

मलाही उतरता आलं असतं. गाडी हातानं ढकलत तिघांनी जाता आलं असतं, डबा तरी मागं बांधून नेता आला असता. हे सगळं मला तेव्हाच सुचलं, नंतर नाही. हौसा माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी काहीतरी बोलले असते. राग नव्हता. मी गाडीला गती दिली आणि निघून गेले.

आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, माझ्या हातावर साखर ठेवली. "अण्णा कुठं?" तिनं विचारलं. "मागून येतायत," मी म्हणाले. ते दिवेलागणीला आले. पाय पोटरीपर्यंत धुळीनं भरलेले. अंगणातल्या दगडावर बसून ते पाय धुवायला लागले, आणि मी तांब्यानं पाणी घालत उभी राहिले.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"कोण?"

"ती."

तिनं मला शिव्या दिल्या असाव्यात, अशी माझी इच्छा होती. दिल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

"बेकरीवाला कामावरनं काढंल, त्याची काळजी करत होती," अण्णा म्हणाले. "आणि तुझं म्हणाली, पोरीनं आठ लई निगुतीनं काढला. तिला येतंय हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी बसलीच नसती म्हणाली तिच्या गाडीवर."

मी तांब्या खाली ठेवला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी माफी मागितली. तिथं साहेबासमोर जीभ उचलली न्हाई माझी, वाटंनं चालताना उचलली. काय उपयोग? पण मागितली." त्यांनी पंच्यानं पाय पुसले आणि उठले. "ती माझी झाली. तुझी तू माग."

पाव टाकायला गावात नंतर एक बाप्या यायला लागला. माळवाडीचा फाटा आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर, कॉलेजच्याच रस्त्याला. दोन वर्षं, रोज दोनदा, मी त्या फाट्यावरून गेले. लायसन पर्समध्ये असायचं. गाडी मी एकदाही आत वळवली नाही.